सायकल स्टँडमागचा लिलाव

डिसेंबर लागला की आमच्या हिंगणघाटात रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस दिसायला लागतो. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांतून तो निसटतो आणि काट्यांना अडकून राहतो, एवढंच. पण चौथीत असताना कापूस बाभळीच्या शेंगेतूनच निघतो, असं मी शेजारच्या बाकावरच्या मुलीला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने ते परीक्षेत लिहिलं आणि बाईंनी भर वर्गात तिचा पेपर वाचून दाखवला. सगळ्यांबरोबर मीही पोट धरून हसले. चुकीची गोष्ट ठामपणे सांगणं मला तेव्हापासून जमतं.

कापूस आणि हिवाळी परीक्षा आमच्याकडे एकदमच येतात. सकाळी तोंडातून वाफ निघते, तूर पिवळीधमक झालेली असते, जिनिंगच्या बाजूने सरकीचा तेलकट वास येत असतो, आणि स्वेटर घातलेली पोरं पुटपुटत कॉलेजच्या फाटकातून आत शिरतात. आता मी याच गावात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. या दिवसांत शिकवायचं काही नसतं. तीन तास वर्गात फेऱ्या मारायच्या, कोणाची मान किती अंशात वळते ते बघायचं आणि शेवटी पेपर ओढून घ्यायचे. ओढून घेताना शेवटची ओळ लिहिणाऱ्याच्या पेनाची एक लांब रेघ कागदावर उमटते, ती मला आवडते. मी काही फार चांगली बाई नाही.

काल कॅल्क्युलसचा पेपर झाला. मी गठ्ठे बांधून बाहेर आले तर पोरं नेहमीप्रमाणे घोळक्याने उभी. कोणी मोबाइलवर उत्तरं पडताळत होतं, कोणी ग्रुपवर एकमेकांच्या मार्कांचे अंदाज टाकत होतं, त्यावर रडक्या-हसऱ्या तोंडांचा पाऊस पडत होता. एक मुलगा माझ्यामागे धावत आला. पहिल्या दोन प्रश्नांत काय काय लिहिलं ते त्याने दम न घेता सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, फक्त एवढं सांगा, निघतो का मी?"

"निकाल लागला की बघ," मी म्हटलं.

"अंदाज त सांगा ना मॅडम."

मी स्कूटीला किक मारली. माझ्या मागे तो काय म्हणाला असेल ते मला पाठ आहे. मी अंदाज सांगत नाही, ही कॉलेजात माझी ख्याती आहे. पोरं तिला खडूसपणा म्हणतात आणि माझे सहकारी तत्त्वनिष्ठा म्हणतात. दोघांचंही चुकतं.

पेपर देऊन बाहेर आल्यावर माणूस फार मऊ झालेला असतो. जे लिहायचं ते लिहून झालं, खोडता येत नाही, आणि निकालाला दोन महिने आहेत. या मधल्या काळात त्याला कोणीही काहीही सांगावं आणि त्याने ते खरं मानावं, अशी त्याची अवस्था असते. हुशार पोरं स्वतःचे मार्क कमी सांगतात, कारण नंतर जास्त मिळाले की मजा येते. ढ पोरं जास्त सांगतात, कारण तेवढे दोन महिने तरी सुखात जातात. पण स्वतःचा आकडा स्वतःशी असतो तोवर काही बिघडत नाही. दुसऱ्याने आपला आकडा सांगितला की तो डोक्यात बसतो.

आमच्या वेळी आम्ही दुसऱ्याचाच आकडा सांगायचो. मी पहिल्या वर्षाला होते. माझे बाबा कापसाच्या बाजारात अडत्या होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल लिलावात उभा करून व्यापाऱ्याला विकून द्यायचा, हे त्यांचं काम. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ते मला बाजारात घेऊन जायचे. गाड्यांची रांग लागलेली असायची. व्यापारी गाडीवर चढायचा, कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, तळातली मूठभर रुई बाहेर काढायचा, दोन्ही चिमटीत धरून ताणायचा आणि तोंड वाकडं करायचा. "ओला हाय." "कवडी हाय मधात, किडका माल." "धागा आखूड." गाडीवाला तोवर व्यापाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मुठीकडे बघत राहायचा. स्वतःच्याच शेतातला कापूस, पण तो जणू पहिल्यांदाच बघतोय असं त्याचं तोंड व्हायचं. मला त्या तोंडाची फार गंमत वाटायची. घरी येऊन मी बाबांना त्याची नक्कल करून दाखवायचे आणि बाबा हसायचे.

तोच लिलाव मी कॉलेजात नेला. पेपर सुटला की आम्ही सात-आठ मुली सायकल स्टँडच्या मागच्या सिमेंटच्या ओट्याशी जमायचो. एकीने ओट्यावर उभं राहायचं, प्रश्नपत्रिका छातीशी धरायची आणि विचारू तेवढंच बोलायचं. बाकीच्या खाली. मी अडत्या. "बोला, बोला, साठपासून बोला!" बाजारात बोली वर चढते, आमची खाली उतरायची. जिची बोली सगळ्यांत खालची, तिच्यावर माल सुटला. निकालात तो आकडा खरा निघाला, तर उभी राहिलेलीने तिला तर्री-पोहे खाऊ घालायचे. नियम सगळे माझे होते. कोणी त्यांना हरकत घेतली नाही, कारण ओट्यावर उभं राहताना जितका त्रास व्हायचा त्यापेक्षा खाली उभं राहून जास्त मजा यायची.

लिलावाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. किती पुरवण्या घेतल्या? पेपरची मूळ वही भरली की वर जोडायला मिळायची ती पुरवणी, आणि जितक्या पुरवण्या तितके मार्क, यावर आमची सगळ्यांची श्रद्धा होती. गाडीत माल किती ते आधी बघायचं. कसा आहे ते नंतर.

प्रणिता ही माझ्या वर्गातली, कारंजा (घाडगे)च्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमच्या गावात मुलींच्या वसतिगृहात राहायची. हाडकुळी, उंच, आणि संत्री सालीसकट चावून मग साल थुंकायची सवय. घरून पिशवीभर संत्री यायची, त्यामुळे तिच्या वह्यांना, ओढणीला, बोटांना सगळ्याला संत्र्याचा वास. गणित ती फार थोड्या शब्दांत सोडवायची. सरांनी फळ्यावर एक उदाहरण अर्धा तास सोडवलं की ही मागच्या बाकावरून विचारायची, "सर, अन् हे असं केलं त?" सर दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "असं केलं तर लवकर होतं." मग मला दिवसभर काही सुचायचं नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत वर्गात पहिली मी यायचे. हे आता सांगताना हसू येतं, तेव्हा अजिबात येत नव्हतं.

वसतिगृहाचा एक नियम होता. सत्राच्या परीक्षेत एक जरी विषय राहिला, तर खाट गेली. ती यादीतल्या पुढच्या नावाला. खाट गेली की प्रणिताचं कॉलेज गेलं. रोज येऊन-जाऊन करण्याइतकं कारंजा जवळ नव्हतं आणि गावात खोली घेऊन राहू देणारं तिचं घर नव्हतं. वेचणीला हात कमी पडतात म्हणून तिची आई दर आठवड्याला निरोप पाठवायची, आणि ही दर आठवड्याला "परीक्षा झाली की येतो" असा उलटा निरोप द्यायची. हे सगळं मला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं, वसतिगृहाच्या मेसमध्ये माझं एक गणित सोडवून देता देता.

त्या शुक्रवारी कॅल्क्युलस होता. सोमवारी फिजिक्स, की परीक्षा संपली. आधी शीतल ओट्यावर चढली. शीतल म्हणजे माझी बालवाडीपासूनची मैत्रीण; अक्षर एवढं मोठं की एका पानात सहा ओळी मावायच्या. तिच्या पाच पुरवण्या झाल्या होत्या. तरी प्रणिताने तिची बोली एकोणीसवर आणली. हळू आवाजात, पण आणली. तेव्हा तीही काही बिचारी वगैरे नव्हती. शीतलचे डोळे भरले आणि आम्ही सगळ्या हसलो. मग प्रणिता चढली.

"किती पुरवण्या?"

"एकबी नाई."

खाली हशा पिकला. मी कंबरेवर हात ठेवले. "पेपर देऊन आली का रजेचा अर्ज देऊन आली वं?"

"वहीतच झालं सगळं."

"पाहा लोकहो, गाडी अर्धीच भरून आणली! तिसऱ्यातलं ते इंटिग्रेशन किती पानात?"

"चार ओळीत."

"चार ओळी!" शीतल ओरडली. तिला आता जोर आला होता. "मी दोन पानं भरले अन् तरी सुटलं नाई!"

"उत्तर काय आलं?" मी विचारलं.

"पाय स्क्वेअर बाय फोर."

माझं उत्तर वेगळं होतं. तीन पानं खाऊन आलेलं, ओबडधोबड, आणि मनातून मला आधीच त्याची शंका होती. तिच्याकडे बघता बघता मी डोक्यात ते गणित पुन्हा मांडलं. एक्सच्या जागी पाय वजा एक्स ठेवायचं, दोन्हींची बेरीज घ्यायची, नको ते उडून जातं. बारावीत शिकवलेली युक्ती. कॉलेजात आल्यावर बारावीचं काही वापरायचं नसतं, असा आमचा एक भारदस्त गैरसमज होता, तो तिला नव्हता. चार ओळी. बरोबर होत्या. ओट्यावरच्या त्या मुलीचा पेपर आमच्या सगळ्यांत चांगला गेला होता, हे खाली उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला कळलं.

मी हात वर करून दोन चिमटीत काहीतरी ताणल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं. "आखूड धागा!"

पोरी लोटपोट झाल्या. पंचवीस, कोणी बोललं. वीस. शीतल सतरावर आली, बदला म्हणून. मी प्रत्येक प्रश्नाला तिच्या उत्तरात खोट काढली. पायऱ्या खाल्ल्या. आकृती नाही. सिद्धता एवढीशी. सरांना वाटेल, कॉपी केली. तिला बोलायची परवानगी नव्हती, आणि तिने नियम मोडला नाही. ती माझ्याकडे न बघता माझ्या चिमटीकडे बघत होती, जिच्यात काही नव्हतं.

"तेरा," मी म्हटलं. "तेरा एक, तेरा दोन, तेरा तीन." आणि माल माझ्यावर सुटला.

हे इथवरचं सगळं थट्टेत जमा करता येतं. बरीच वर्षं मी ते तसंच जमा केलं. पण लिलाव मोडल्यावर पोरी पांगल्या आणि प्रणिता पाण्याच्या टाकीशी माझ्याजवळ आली. नळाखाली हात धरून ती म्हणाली, "मीनल, मजाक सोड. तुले खरंच काय वाटते? निघीन का मी?"

पास व्हायला साठपैकी चोवीस लागत होते.

"नाई वाटत," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. "मंग फिजिक्सचं काय करू? देऊ का नको?"

"एक राहिला काय अन् दोन राहिले काय. खाट त सारखीच जाते."

"हाव," ती म्हणाली. तीनच्या वर्ध्याच्या गाडीने ती गावी गेली. बाजारात कधीकधी एखादा गाडीवाला बोली ऐकतो, काही न बोलता बैल जुंपतो आणि आला तसा गाडी घेऊन परत जातो. बाबा म्हणायचे, त्याला अडवायचं नसतं, त्याचा माल आहे.

मी असं का केलं, याची मी आजवर बरीच कारणं शोधली. वय लहान होतं. ती खरंच जाईल असं वाटलं नव्हतं. सोमवारी येईलच, असं गृहीत धरलं होतं. ही सगळी कारणं दिसायला सुबक आहेत आणि एकही खरं नाही. खरं एवढंच की मला तिचा हेवा वाटत होता आणि ती घाबरलेली बघून मला बरं वाटलं. पोटात ऊन पडल्यासारखं बरं वाटलं. ते बरं वाटणं शुक्रवार संध्याकाळपर्यंत टिकलं, शनिवारी जरा कमी झालं. रविवारी दुपारी मी फिजिक्सचं पुस्तक मिटलं आणि तिच्या घरचा नंबर लावला. वहीच्या मागच्या पानावर तिनेच तो लिहून दिला होता.

तिच्या बाबांनी उचलला. मागे बायकांचे आवाज, कुठेतरी बकरी ओरडत होती.

"प्रणिता आहे का काका? मी तिची मैत्रीण बोलते, हिंगणघाटहून."

"ते त वावरात गेली, वेचाले. काही काम होतं का? सांगू का तिले काही?"

एक वाक्य पुरलं असतं. तिला म्हणावं, पेपर चांगला गेला आहे, उद्या ये. पहाटेची पहिली गाडी धरली असती तर ती दोनच्या पेपरला आरामात पोचली असती.

"नाही काका," मी म्हटलं. "सहजच."

सोमवारी तिचा बाक रिकामा होता. पर्यवेक्षकांनी तिच्या नंबरापुढे लाल शाईने गैरहजर लिहिलं. मला फिजिक्स उत्तम गेला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा वेळी माणसाला काही सुचू नये, हात थरथरावा, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. माझा हात थरथरला नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. थंडी ओसरली होती, आंब्यांना मोहोर आला होता आणि कॉलेजच्या सूचना फलकापुढे चेंगराचेंगरी होती. मी बोट लावून खाली आले. मला कॅल्क्युलसमध्ये एक्केचाळीस. प्रणिताच्या नावापुढे बावन्न. वर्गात सगळ्यांत जास्त. पुढे फिजिक्सच्या रकान्यात गैरहजर, आणि शेवटच्या रकान्यात नापास. त्या आठवड्यात तिच्या खाटेवर सेलूकडची एक मुलगी आली.

गणिताचे सर फलकापुढून थेट वर्गात आले. त्यांनी हजेरी घेतली नाही, विचारलं, "बावन्नवाली मुलगी कुठे आहे?"

शीतलने माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. "सर, तिचं लग्न ठरलं म्हणतात."

सरांनी मान हलवली आणि खडू उचलला. एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी वर्गातून नाहीशी झाली की हे उत्तर कुठेही चालतं, आणि ते चालणार हे मला अठराव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. पुढे तिन्ही वर्षं मी पहिली आले. त्यानंतर लिलाव कधी झाला नाही. कोणी बंद केला असं नाही, ओट्यावर कोणी चढेना, एवढंच.

नोकरीत आल्यावर हे सगळं मागे पडलं असं मला वाटायचं. पडलंही होतं. पण दर हिवाळ्यात एखादा पेपर तपासायला समोर येतो, बरीचशी पानं कोरी, उत्तरं चार-चार ओळींची, सगळी बरोबर. पूर्ण मार्क द्यावे लागतात. देते. देताना पेन जरा जास्तच दाबलं जातं आणि आकडा खालच्या पानावर उमटतो.

गेल्या आठवड्यात कारंज्याच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला गेले होते. दुपारी एकला मोकळी झाले आणि बसस्टँडवर येऊन बसले. समोर हायवेवर ट्रक घोंगावत होते, उन्हात संत्र्यांच्या क्रेटचे ढीग होते. समोरून एक बाई आली, हातात सात-आठ वर्षांची मुलगी. बाईने मला खालून वर बघितलं.

"मीनल नं वं तू?"

वासावरून मी तिला ओळखलं असं म्हटलं तर छान दिसेल, पण खरं तर मी तिला ओळखलंच नाही. तिने नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. ती जाडसर झाली होती, मोकळी हसत होती. संत्र्यांच्या गोदामात बायकांच्या हातून माल निवडून घेते, म्हणाली. कोणत्या आकाराची किती क्रेटात बसतात ते तिला नुसतं बघून सांगता येतं. मालक मोजायलासुद्धा येत नाही.

"अन् तू?"

"शिकवते. कॉलेजात. गणित."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिला खरोखर आनंद झाला होता. मुलीला पुढे ओढून ती म्हणाली, "हे पाह्य, हेच ते मावशी. मी सांगतो नं तुले! मले गणितात साठपैकी तेरा पडले होते, अन् ह्या मावशीनं पेपर झाल्याबरोबर सांगतलं होतं, तेरा म्हणून."

"तेरा?" मुलगी फिसकन हसली. "साठपैकी?"

"मंग! माय मठ्ठ होती तुही." मग माझ्याकडे वळून, "हिले बी नाई जमत गणित. माह्यावरच गेली. म्या म्हटलं, राहू दे बापा, नको डोकं फोडू."

निकाल तिने बघितलाच नव्हता. कशाला बघेल? तो तिला आधीच कळला होता.

"प्रणिता," मी म्हटलं. "तुला तेरा नव्हते. बावन्न होते. वर्गात पहिली होतीस तू."

तिने माझ्या दंडावर थाप मारली आणि इतकी मनापासून हसली की बाजूच्या बाकावरच्या बायकाही हसल्या.

"मास्तरीन झाली त गोड बोलाले शिकली वं! आता काऊन मन राखून राहिली माहं? तेव्हा नाई राखलं तेच बरं केलं. बाकीच्यायनं धीर देला असता अन् मी बसली असती आशेवर, साल वाया घालत. तू एकटी खरं बोलली."

मुलगी माझ्याकडे आदराने बघत होती. त्यांची गाडी लागली. "घरी येजो कधी," म्हणत प्रणिता चढली आणि खिडकीतून हात हलवत राहिली. बस हलेपर्यंत दोन-तीन मिनिटं होती, खिडकी उघडी होती, आणि मला फक्त उठून चार पावलं जायचं होतं. मी एकदा सांगितलं होतं. ते मी माझ्यापुरतं पुरेसं धरलं आणि हात हलवला.